पुरस्काराच्या मंचावरचे ‘आम्ही’ आणि ‘आपण’

१. विषय आणि साधन

मराठीत स्वतःच्या समूहाविषयी बोलायला दोन सर्वनामे आहेत. समोरच्याला वगळायचे असेल तर ‘आम्ही’, त्याला धरायचे असेल तर ‘आपण’. ‘आम्ही जेवायला निघालोय’ हे ऐकून पाहुणा जागेवर बसून राहतो. ‘आपण जेवायला निघालोय’ ऐकून तो चपला शोधू लागतो. (‘आपण’ आदरार्थीही येते आणि स्वतःविषयीही येते, ते अर्थ इथे बाजूला ठेवले आहेत.) इंग्रजीत या दोन्हींचे काम ‘वी’ हा एकच शब्द करतो. त्यामुळे इंग्रजीतून बोलणाऱ्याला समूहाची हद्द न सांगताही समूहाच्या नावाने बोलता येते.

अमेरिकेतील ऑस्कर आणि एमी सोहळ्यांत यशस्वी अभिनेत्रींनी लिंगभाव आणि वंश यांविषयी केलेली विधाने हा या विवेचनाचा विषय आहे. साधन म्हणून मराठीतला वरील भेद वापरला आहे. प्रत्येक विधानाला दोन प्रश्न विचारायचे: त्यातल्या ‘वी’चे मराठीत ‘आम्ही’ होते की ‘आपण’? आणि त्यातली मागणी कोणाकडे केलेली आहे?

विशेषाधिकार ही संज्ञा इथे मर्यादित अर्थाने घेतली आहे. कायद्याने बहाल केलेला हक्क असा तिचा अर्थ नाही. जन्माने पदरात पडलेली आणि म्हणूनच सहसा जाणवत नसलेली अनुकूलता, एवढाच आहे. उंबरठ्याची उंची ठेच लागलेल्यालाच कळते. एकच व्यक्ती एका अक्षावर अनुकूल आणि दुसऱ्यावर प्रतिकूल स्थितीत असू शकते. गोरी यशस्वी अभिनेत्री वंशाने अनुकूल, लिंगाने प्रतिकूल आणि संपत्तीने पुन्हा अनुकूल असते. पुढची सारी गुंतागुंत या मिश्र स्थितीतून निघते.

२. मंचाची घडण

ऑस्करचे आभाराचे भाषण ४५ सेकंदांचे असावे असा संकेत आहे. मुदत उलटली की वाद्यवृंद सुरू होतो. तेवढ्या वेळात विजेती कोणाची नावे घेते आणि कोणाच्या वतीने बोलते, हे तिच्या मनातल्या समूहाचा नकाशाच दाखवते. मात्र तो नकाशा काढायची मोकळीक सगळ्यांना सारखी नव्हती.

हॅटी मॅकडॅनियल यांना २९ फेब्रुवारी १९४० रोजी ‘गॉन विथ द विंड’मधल्या मॅमीच्या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. सोहळा लॉस एंजेलिसमधल्या अँबॅसेडर हॉटेलात होता आणि तिथे कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांना त्यांच्यासाठी खास परवानगी काढावी लागली. बसायला मिळाले ते सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या लहान टेबलावर. भाषणात मॅकडॅनियल यांनी आपल्या वंशाला आणि चित्रपट उद्योगाला सदैव भूषण ठरण्याची आशा व्यक्त केली. कोणाकडे काही मागितले नाही. त्या सभागृहात मागण्याची सोयच नव्हती. स्वतःची लायकी सिद्ध करण्याचे ओझे तेवढे होते. साहाय्यक अभिनेत्रीचा हा पुरस्कार पुन्हा एका कृष्णवर्णीय स्त्रीला, व्हूपी गोल्डबर्ग यांना, मिळाला तो १९९१ मध्ये, म्हणजे ५१ वर्षांनी.

गोऱ्या विजेतीला मंच मिळाला की ती एक अभिनेत्री म्हणून उभी राहते. कृष्णवर्णीय विजेतीला पुष्कळदा सगळ्या वंशाची प्रतिनिधी म्हणून उभे राहावे लागते. फक्त स्वतःपुरते बोलता येणे, हाही एक विशेषाधिकारच आहे.

३. एक विधान, दोन जागा

२२ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅट्रिशिया आर्केट यांना ‘बॉयहुड’साठी साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. त्या वर्षी अभिनयाच्या चारही विभागांतली वीसही नामांकने गोऱ्या कलाकारांची होती, आणि एप्रिल रेन यांनी जानेवारीत समाजमाध्यमावर सुरू केलेली ‘ऑस्कर्स सो व्हाइट’ ही हाक सर्वत्र गाजत होती. आर्केट यांनी मंचावरून जन्म देणाऱ्या प्रत्येक स्त्रीला, प्रत्येक करदात्याला आणि नागरिकाला उद्देशून सांगितले की, इतर सगळ्यांच्या समान हक्कांसाठी लढून झाले आहे, आता समान वेतनाची आणि स्त्रियांच्या समान हक्कांची वेळ आहे. समोर बसलेल्या मेरिल स्ट्रीप आणि जेनिफर लोपेझ यांनी जोरदार दाद दिली.

थोड्याच वेळाने पडद्यामागे पत्रकारांशी बोलताना त्यांनी हेच अधिक उघड केले. स्त्रिया, स्त्रियांवर प्रेम करणारे पुरुष, समलिंगी आणि गौरेतर लोक, ज्यांच्यासाठी ‘वी’ लढलो, त्यांनी आता ‘अस’साठी लढावे, असा त्या विधानाचा आशय होता. इथे भाषांतरकाराला ‘आपण’ लिहिताच येत नाही. ‘ज्यांच्यासाठी आम्ही लढलो त्यांनी आता आमच्यासाठी लढावे’ हेच एक भाषांतर संभवते.

या विधानात तीन दोष आहेत. पहिला वर्गीकरणाचा. स्त्रिया, समलिंगी आणि गौरेतर असे तीन ढीग वेगवेगळे मांडले की कृष्णवर्णीय स्त्री आणि समलिंगी स्त्री कुठल्याच ढिगात पूर्ण बसत नाहीत. त्या उरतात आणि उरलेल्या ‘स्त्रिया’ न सांगता गोऱ्या ठरतात. दुसरा दोष वस्तुस्थितीचा. २०१३ च्या आकड्यांनुसार अमेरिकेत पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषाच्या एका डॉलरमागे सुमारे ७८ सेंट मिळत. गोऱ्या पुरुषाशी तुलना केली तर कृष्णवर्णीय स्त्रीला सुमारे ६४ आणि हिस्पॅनिक स्त्रीला सुमारे ५४. वेतनाच्या लढ्यात ज्यांचे सर्वाधिक अडकले होते, त्यांनाच विधानाने बाहेरून मदतीला बोलावले. तिसरा दोष मागणीच्या दिशेचा. वेतन ठरवतात मालक, स्टुडिओ आणि कायदेमंडळे. मागणी मात्र त्यांच्याऐवजी इतर वंचितांकडे गेली, आणि तीही जुन्या उपकाराची परतफेड म्हणून.

४. उपकाराच्या हिशेबाचा इतिहास

हा हिशेब २०१५ मध्ये पहिल्यांदा मांडला गेला असे नाही. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणारी पंधरावी घटनादुरुस्ती पुढे आली, तेव्हा स्त्री-मताधिकाराच्या नेत्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी तिला विरोध केला: गुलामगिरीविरुद्ध आम्ही झटलो आणि मताधिकाराच्या वेळी आम्हालाच मागे ठेवले. तक्रारीत तथ्य होते. पण त्या ‘आम्ही’मध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया नव्हत्या. याच प्रश्नावर १८६९ मध्ये मताधिकाराची चळवळ दुभंगली. तीन वर्षे आधी, १८६६ च्या न्यूयॉर्कमधील स्त्रीहक्क परिषदेत, फ्रान्सिस एलन वॉटकिन्स हार्पर या कृष्णवर्णीय कवयित्रीने बजावले होते की सगळी माणुसकी एकाच गाठोड्यात बांधलेली आहे, आणि गोऱ्या स्त्रिया हक्कांची भाषा बोलतात तेव्हा मी अन्यायांविषयी बोलते. पुढे १९१३ च्या वॉशिंग्टनमधील स्त्री-मताधिकार मोर्चात कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांना आपल्या राज्याच्या तुकडीऐवजी मागे चालायला सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही.

कुठल्याच ढिगात न बसणाऱ्यांच्या या उरलेपणाची सैद्धांतिक मांडणी झाली १९८९ मध्ये. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९७६ च्या एका खटल्याचा दाखला घेतला. जनरल मोटर्समधल्या पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी भेदभावाची तक्रार केली होती. कंपनीत स्त्रिया होत्या, पण कचेरीत आणि गोऱ्या. कृष्णवर्णीय होते, पण कारखान्यात आणि पुरुष. तेव्हा लिंगभेदही सिद्ध होईना आणि वंशभेदही. दोन्ही मिळून एक तक्रार मानायला न्यायालय तयार नव्हते. भेदांचे रस्ते एकमेकांना छेदतात त्या चौकात उभ्या असलेल्या व्यक्तीला कुठल्याच एका रस्त्याचा नियम पुरत नाही, हे क्रेनशॉ यांचे प्रतिपादन.

मराठी वाचकाला हा चौक ओळखीचा आहे. जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्परही नसलेल्या ‘आमच्या’ स्त्रियांचे हाल मांडले. त्या ‘आमच्या’ने स्त्रीदुःख सगळीकडे सारखे नसल्याचे सांगितले, हार्पर यांच्या भाषणाच्या अकरा वर्षे आधी. फुल्यांनी स्वतः १८७३ चे ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले, तेव्हा या दोन भूमींची तुलना मराठीत जुनीच आहे.

५. चार प्रकार

वरील साधनाने मंचावरच्या आणि मंचाभोवतीच्या विधानांचे चार प्रकार पाडता येतात.

(अ) हिशेबी ‘आम्ही’. आर्केट यांचे विधान या प्रकारातले. ते वेगळेपण सांगते, पण देणे मागते अधिक दुबळ्याकडे.

(आ) साक्षीचे ‘आम्ही’. २४ मार्च २००२ रोजी हॅली बेरी प्रमुख अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. त्यांनी तो क्षण डोरोथी डँड्रिज, लीना हॉर्न आणि डायन कॅरल या आधीच्या कृष्णवर्णीय अभिनेत्रींच्या, तसेच जिचे नाव-चेहरा कोणाला ठाऊक नाही अशा प्रत्येक गौरेतर स्त्रीच्या ओटीत घातला. आज दार उघडले, असे त्या म्हणाल्या. २० सप्टेंबर २०१५ रोजी व्हायोला डेव्हिस नाट्यमालिकेतील प्रमुख अभिनेत्रीचे एमी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या, ओलांडता न येणाऱ्या रेषेविषयीच्या उद्गारांनी त्यांनी सुरुवात केली आणि मुद्दा नेमका केला: गौरेतर स्त्रीला इतरांपासून वेगळे करते ती फक्त संधी, ज्या भूमिका लिहिल्याच जात नाहीत त्यांसाठी एमी कसे मिळणार? हेही ‘आम्ही’च आहे. पण इथे मागणी वर जाते, भूमिका लिहिणाऱ्या आणि वाटणाऱ्यांकडे. बेरी यांनी दार उघडल्याचे सांगितले. २०२५ पर्यंत त्या दारातून दुसरी कृष्णवर्णीय अभिनेत्री आत आलेली नव्हती. डेव्हिस यांनी दार बंद कशाने राहते तेच सांगितले, म्हणून त्यांचे विधान विश्लेषण म्हणून अधिक टिकाऊ आहे.

असे ‘आम्ही’ म्हणता येणे हीही मिळवावी लागलेली गोष्ट आहे. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉन यांना ‘द डार्क एंजल’साठी प्रमुख अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, पण दक्षिण आशियाई रक्त लपवण्यासाठी त्या आपला जन्म टास्मानियातला सांगत राहिल्या. गोरे समजले जाणे हीच त्यांच्या कामाची अट होती. २०२३ मध्ये मिशेल योह यांनी तोच पुरस्कार घेताना आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुलामुलींना उघडपणे हाक दिली. ते नामांकन आणि हा पुरस्कार यांच्यामध्ये जवळजवळ नव्वद वर्षे आहेत.

(इ) गिळणारे ‘आपण’. डेव्हिस यांच्या भाषणानंतर एका गोऱ्या मालिका-अभिनेत्रीने समाजमाध्यमावर आक्षेप घेतला की सगळ्याच स्त्रियांना कमी लेखले जाते आणि एमी ही वंशाचा विषय काढायची जागा नाही. टीका झाल्यावर तिने माफी मागितली. या प्रकारात ‘आपण सगळ्या’ म्हणून जवळ घेतले जाते ते समोरचीने गप्प बसावे म्हणून. म्हणजे ‘आपण’ हे सर्वनाम आपोआप उदार ठरत नाही.

(ई) सामावणारे ‘आपण’. मिशेल विल्यम्स यांनी २०१९ च्या एमीमध्ये सांगितले की ‘फॉसी/व्हर्डन’साठी नृत्याचे धडे, आवाजाची तालीम, वेगळा विग असे जे जे मागितले ते मिळाले आणि मोबदलाही समान मिळाला. मग त्या वळल्या: पुढच्या वेळी एखादी स्त्री, आणि विशेषतः गौरेतर स्त्री, कारण तिला गोऱ्या पुरुषाच्या डॉलरमागे ५२ सेंटच मिळतात, कामासाठी काय हवे ते सांगेल तेव्हा तिचे ऐका. ‘विशेषतः’ या एका शब्दाने समूह एक राहिला आणि आतली उतरंडही दिसली. मागणी गेली ती वरिष्ठांकडे. फ्रान्सेस मॅकडॉर्मंड यांनी ४ मार्च २०१८ रोजी ऑस्करच्या सभागृहातल्या सर्व नामांकित स्त्रियांना उभे केले आणि शेवटी करारातल्या एका कलमाचे नाव घेतले, ‘इन्क्लूजन रायडर’. त्यानुसार बडा कलाकार आपल्या करारात अट घालतो की चित्रपटातल्या आणि पडद्यामागच्या कामांत स्त्रिया व गौरेतर लोक पुरेशा प्रमाणात असावेत. इथे विशेषाधिकार कबूल करून थांबणे नाही. तो सही करतानाच खर्ची घालायचा आहे.

६. पूर्वपक्ष आणि उत्तर

पहिला आक्षेप: हर्षाच्या भरात निघालेल्या वाक्याची इतकी चिरफाड अन्यायाची आहे. उत्तर असे की इथे निवाडा वाक्याचा आहे, व्यक्तीचा नाही. शिवाय तयारीविना निघालेले वाक्यच मनातली सवयीची वर्गवारी दाखवते.

दुसरा आक्षेप: लक्षाधीश अभिनेत्रींनी वेतनावर बोलणे हे ढोंग आहे. पण ‘ऑल द मनी इन द वर्ल्ड’च्या फेरचित्रीकरणासाठी मार्क वॉलबर्ग यांना १५ लाख डॉलर आणि मिशेल विल्यम्स यांना हजार डॉलरांहूनही कमी मिळाल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. एजंट आणि वकील हाताशी असलेल्या स्त्रीची ही गत, तर ते नसलेलीची काय, असा तर्क त्यातून रास्त निघतो. मात्र विल्यम्स यांचे नुकसान आकड्यात राहते आणि मोलकरणीचे घरभाड्यात उतरते. हा फरक बोलणारीने स्वतः सांगितला तरच तिचे उदाहरण दुसरीच्या कामी येते.

तिसरा आक्षेप: असे भेद दाखवल्याने स्त्रियांची फळी फुटते. ती १८६९ मध्येच फुटली, आणि भेद न बोलल्यामुळे फुटली.

७. निष्कर्ष

सर्वनाम हे लक्षण आहे. निर्णायक गोष्ट मागणीची दिशा आहे. ‘आम्ही’ असो वा ‘आपण’, मागणी सत्तेकडे वळली तर विधान न्यायाच्या बाजूला जाते. ती शेजारच्या वंचिताकडे वळली तर कितीही टाळ्या पडोत, तिथे विशेषाधिकारच बोलत असतो.

आर्केट यांच्या भाषणाचा शेवट मात्र त्या रात्री झाला नाही. समान वेतनासाठी त्या बोलत राहिल्या आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ‘फेअर पे अ‍ॅक्ट’वर सही केली. जवळपास सारख्या कामाला सारखे वेतन, असा त्याचा गाभा. पण तो कायदा लिंगापुरताच होता. वंश आणि वांशिक मूळ हे शब्द त्यात आले पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीने, १ जानेवारी २०१७ पासून. २०१५ च्या भाषणात जे बाहेर राहिले होते, तेच कायद्यातही बाहेर राहिले होते, आणि तिथे ते आत घ्यायला आणखी एक सही लागली.