धोटा, धागा आणि चवदार तळं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच आहे.

'सगळ्यांना सामावून घेणारं ऑफिस' या विषयावर हल्ली प्रत्येक कंपनीत एक तरी प्रेझेंटेशन होतं. ते बघताना वाटतं की ही कल्पना कालपरवा विमानाने आली. पण हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झालाय, तोही मुंबईच्या गिरण्यांमध्ये. आणि तो वाद घालणाऱ्यांची एक पायवाट आपल्या रायगडातून, महाडमधून जाते.

सुरुवात धोट्यापासून करू. धोटा म्हणजे जुन्या मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा, होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर नवी घालायचा आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचा. कसं? भोकाला तोंड लावून जोरात श्वास आत ओढायचा. दोन सेकंदांचं काम, पण दिवसभर पुन्हा पुन्हा करायचं.

या दोन सेकंदांमुळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. त्यांचं तोंड लागलेल्या धोट्याला आणि धाग्याला बाकीचे तोंड लावायला तयार नव्हते. या कामगारांना जागा मिळायची ती सूतकताईच्या खात्यांत, जिथे पगार कमी. चांगली कमाई विणकराची. यासाठी मालकाला दारावर पाटी लावायची गरज नव्हती. भरती बरीचशी जॉबरच्या हातात, जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला माणूस आणणार, आणि उरलेलं खात्यातले लोक बघून घेणार. आज इंटरव्ह्यूमध्ये कुणी सहज म्हणून पूर्ण आडनाव आणि मूळ गाव विचारतं ना, तेव्हा मला हा जॉबर आठवतो.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे डोक्यात पहिला प्रश्न आला तो डिझाइनचा. धागा ओढायला तोंडच का लागतं? शोधलं तर कळलं की इंग्लंडात लँकेशरच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती, तिथे तिला गमतीने 'धोट्याचं चुंबन' म्हणायचे. पण दात किडतात, रोग पसरतात अशा तक्रारी झाल्या. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये कायदा करून ती बंद केली. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे तोवर निघाले होते. म्हणजे उपाय यंत्रातच होता. आपल्याकडे मात्र धोटा तोच राहिला आणि माणूस बाहेर राहिला.

आता महाड. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. रायगड हे नाव 1981 चं. गिरण्यांना माणसं पुरवणारा हा पट्टा. ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. हे बोले स्वतः गिरणी कामगारांत काम करणारे, कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. छान! आणि पुढची तीन वर्षं? एकानेही पाणी घेतलं नाही, कारण घेऊ देणार कोण? आमच्या भाषेत सांगायचं तर कोड मर्ज झाला, प्रॉडक्शनवर गेलाच नाही.

तो नेला माणसांनी. रामचंद्र बाबाजी मोरे हे महाडजवळच्याच लाडवलीचे. त्यांनी धडपड करून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवायची ठरवली आणि डॉ. आंबेडकरांना बोलावलं. 19 आणि 20 मार्च 1927. परिषदेला हजारो माणसं, आणि त्यांच्यासाठी पाणी चक्क 40 रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. तळं हाकेच्या अंतरावर, तेही कागदावर खुलं! दुसऱ्या दिवशी आभार मानताना अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जायचा विषय काढला आणि सगळे रांगेने निघाले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायलं.

हे चित्रे कायस्थ प्रभू. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस, तेही त्याच जातीचे. डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली तेव्हा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण. ज्यांच्यासाठी दार आधीच उघडं होतं, अशा काही लोकांनी स्वतःच्याच लोकांचा रोष घेतला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

त्याच दिवशी 'आता देवळात घुसणार' अशी अफवा उठली आणि जेवणाऱ्या, घरी निघालेल्या प्रतिनिधींना मारहाण झाली. मग शेण, गोमूत्र घालून तळ्याचं 'शुद्धीकरण'. ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. पुढे कोर्टकचेरी, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च 1937 मध्ये, दहा वर्षांनी.

महाडनंतर वर्षभरात, एप्रिल 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार, सहा महिने. लाल बावट्याचे पुढारी मालकांपुढे मागण्यांची यादी ठेवत होते. वेतन होतं, कामाचा बोजा होता, विणकाम खात्याचं बंद दार नव्हतं. आंबेडकरांनी अट घातली: ही मागणी घ्या, नाहीतर आमचे कामगार संपाबरोबर राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीने. मला वाटतं, नाखुशी मालकाची नव्हती, शेजारच्या साच्यावरच्या कामगाराची होती. युनियनला भीती ती दुखावण्याची.

मोरे स्वतः पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि बाबासाहेबांशी नातंही टिकवून राहिले. दोन्हीकडून त्यांना किती ऐकून घ्यावं लागलं असेल!

दार काही उघडलं नाही. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, तिथे आंबेडकरांना विणकाम खात्याची गोष्ट पुन्हा सांगावी लागली. सोबत रेल्वेचीही एक सांगितली. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळांवर राबायचा, पण स्टेशनवर पोर्टर व्हायचा नाही. का? पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरातली कामंही करावी लागत, आणि मास्तरला तो घरात चालत नसे.

पुढच्या एपिसोडमध्ये अलिबागजवळच्या चरीला जाऊ, 1933 सालच्या शेतकऱ्यांच्या संपाकडे. तोवर मोरेंच्या आठवणींचं पुस्तक कुणाकडे असेल तर जरूर वाचा.