शब्द कुठे तोडायचा?

मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत. वाचणाऱ्यालाच शब्द तोडावे लागतात. आज्ञावली वाचताना संगणकालाही आधी हेच करावे लागते.

आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली पूर्ण केलेल्या फोरट्रान भाषेत तर मोकळ्या जागेला अर्थच नव्हता. ‘डीओ १० आय = १,५’ म्हणजे, दहा क्रमांकाच्या ओळीपर्यंतची कामे पाच वेळा करा. पण स्वल्पविरामाऐवजी टिंब पडले, की ‘डीओ१०आय’ हे एका चलाचे नाव ठरे आणि त्याची किंमत १.५! म्हणजे पहिला शब्द कोणता, हे कळायला बरोबरच्या चिन्हापलीकडे जावे लागे. लिहिणाऱ्याला सवलत, भार मात्र यंत्रावर.

असे शब्द तोडणारे भाग प्रत्येक भाषेसाठी हाताने लिहीत. १९७५ मध्ये बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क आणि तेव्हा विद्यार्थी असलेले एरिक श्मिट यांनी ‘लेक्स’ तयार केले. त्याला फक्त नियमांची यादी द्यायची: सलग अंक म्हणजे संख्या, अक्षराने सुरू होणारी अक्षरे-अंकांची माळ म्हणजे नाव. शब्द तोडणारी आज्ञावली लेक्स स्वतः लिहून देई. भाषा बदलली, तर यादी बदला.

एकाच जागी दोन नियम लागू पडले तर? लांब तुकडा पकडणारा जिंकतो; लांबी सारखी असेल, तर यादीत आधी असलेला. म्हणून ‘इफ’ हा राखीव शब्द नावाच्या नियमाच्या वर लिहायचा. खाली लिहिला, तर तो कधीच सापडत नाही.