एरंडेल ते २०डब्ल्यू-५० : जुन्या इंजिनाच्या तेलाची गोष्ट

१/ बडनेऱ्यात आमच्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी अजून धावते. गेल्या मे महिन्यात सर्व्हिसिंगच्या वेळी तिच्यात ५डब्ल्यू-३० हे महागडे, पातळ सिंथेटिक तेल भरले गेले. हेतू चांगलाच होता. पण अमरावतीहून परतताना रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. उत्तम तेल या इंजिनाला का मानवले नाही? त्याचा इतिहास रंजक आहे, मित्रहो.

२/ वऱ्हाडात वंगण म्हणजे एकेकाळी एरंडेल. बैलगाडीच्या आसाला तेच लागे. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे बडनेऱ्यामार्गे नागपूरला पोहोचली. त्या काळी हिंदुस्थानातील रेल्वेच्या यंत्रांनाही वंगण म्हणून एरंडेल वापरले जाई.

३/ इंग्लंडमध्ये चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने खनिज तेलात एरंडेल मिसळून मोटारींसाठी तेल काढले आणि १९०९ मध्ये त्याला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले. ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडी! एरंडेल धातूला घट्ट धरून राहते. मात्र तापून त्याचा चिकट थर साचतो. त्यामुळे रोजच्या मोटारींतून ते मागे पडले.

४/ बाटलीवरील आकड्यांचा उगम १९११ चा. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने तेलांचे दाटपणानुसार वर्ग पाडले. हा आकडा दाटपणा सांगतो, दर्जा नव्हे; गल्लत इथेच होते. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, थंडीतील वर्तन. त्यापुढचा आकडा १०० अंश सेल्सिअसचा : ‘३०’ तेलाचा दाटपणा तेव्हा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, तर ‘५०’चा १६.३ ते २१.९.

५/ कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून तयार होणारी फियाट ११०० डिलाइट पुढे पद्मिनी झाली. तिचे १०८९ सीसीचे इंजिन मुळात इटालियन आराखड्याचे, दाट तेलांच्या जमान्यातले. वर्षानुवर्षांच्या झिजेने बेअरिंगमधील फटी रुंदावतात. गाडी उभी असताना पंप मंद फिरतो, तापलेले पातळ तेल फटींतून निसटते आणि दाब पडतो. त्यात आमचा वऱ्हाडी उन्हाळा!

६/ दुसरा मुद्दा जस्ताचा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा. या इंजिनात कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासतो. ती झीज तेलातील जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्य रोखते. परंतु फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून २००४ च्या मानकाने पातळ तेलांतील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आले ते १९९५ पासून, आधी चार महानगरांत. आमच्या पद्मिनीला ते नाहीच. म्हणजे मर्यादेचा लाभ शून्य, तोटा मात्र तिचा! २०डब्ल्यू-५० तेलांना ही मर्यादा लागू नाही. तरी बाटलीवर जस्ताचा उल्लेख आहे का, हे पाहावे.

७/ मात्र जितके दाट तितके चांगले, असेही नाही. नव्या, अरुंद फटींच्या इंजिनात हेच तेल घातले तर सुरुवातीला ते वेळेवर पोहोचत नाही. धूर झाकण्यासाठी दाट तेल भरून गाडी विकणारे महाभाग तर सर्वत्र आहेत.

८/ आम्ही ते तेल काढून जस्तयुक्त २०डब्ल्यू-५० भरले. फाटकापाशी दिवा आता लागत नाही. आजोबांचे समाधान मात्र झालेले नाही. दाबमापक लावून पंप तपासल्याशिवाय नागपूरची वाट धरायची नाही, असे त्यांनी बजावले आहे.