प्रबंधाचे शेवटचे वर्ष

संशोधकांची चरित्रे वाचताना मी शिष्यवृत्तीची मुदत आधी पाहतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आणि १९१६ साली लंडनला गेले. १९१७ साली मुदत संपली; लंडनचा प्रबंध अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज एवढ्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले.

आज काही विद्यापीठांत माजी विद्यार्थी पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षासाठी निधी उभारतात. भथेनांसारखा मित्र प्रत्येकाला लाभत नाही. हा निधी ती उणीव भरून काढतो.