चाकांवरच्या बिऱ्हाडाची कुळकथा

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून मोटरहोम घेऊन हिंडणाऱ्या हौशी माणसाला त्याच्या गाडीचं कूळ विचारलं, तर तो बहुधा डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यापर्यंत जाऊन थांबेल. नौदलातून निवृत्त झालेले हे स्कॉटिश शल्यवैद्य मुलांसाठी साहसकथा लिहीत आणि रेडिंगजवळच्या ट्वायफर्ड गावी राहत. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यातून महोगनी लाकडाची गाडी बांधून घेतली, तीही निव्वळ भटकंतीच्या हौसेसाठी. नाव ठेवलं ‘वाँडरर’. वजन जवळपास दोन टन, ओढायला दोन घोडे. सोबतीला नोकर, गाडीवान, न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करी. असं करत ही स्वारी पार इन्व्हर्नेसपर्यंत पोचली. १८८६ साली या तेराशे मैलांच्या प्रवासाचं पुस्तक निघालं आणि डॉक्टर या छंदाचे आद्यपुरुष ठरले.

ही वंशावळ मला अपुरी वाटते. ज्या रेडिंगच्या परिसरात डॉक्टर राहत, तिथेच डंटन नावाचे कारागीर जिप्सी कुटुंबांसाठी ‘वार्डो’ बांधत. वार्डो म्हणजे घोड्याने ओढायचं लाकडी घर. इंग्लंडचे जिप्सी त्याआधी हेझलच्या लवचीक फांद्या वाकवून, वर घोंगड्या टाकून पालं उभारत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यात वार्डो रुळला. जत्रांमधले खेळवाले त्याआधीच चाकांवर राहू लागले होते. डिकन्सच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’मध्ये मेणाचे पुतळे दाखवत हिंडणारी मिसेस जार्ली अशाच गाडीत चहा पिते, आणि ती कादंबरी १८४०-४१ची आहे.

वार्डोची रचना बघावी तितकी थोडीच. दार पुढे, घोड्याच्या बाजूला. आत शिरल्यावर डाव्या हाताला ओतीव लोखंडाची शेगडी. ती डावीकडेच का? इंग्लंडात वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणजे झाडांच्या फांद्या गाडीच्या डाव्या अंगावर येणार. पुढून आत शिरणाऱ्याची डावी बाजू ही गाडीची उजवी बाजू, म्हणून धुराडं फांद्यांपासून लांब राहतं. मागच्या भिंतीलगत आडवा पलंग, त्याच्या खालच्या कप्प्यात मुलांची झोपायची जागा. आजच्या मोटरहोममध्ये बसायच्या बाकाचा रात्री पलंग होतो आणि पलंगाखाली सामान मावतं. एवढ्याशा जागेत संसार बसवण्याची ही अक्कल वार्डोत राहणाऱ्यांनी कमावलेली आहे. माणूस गेला की त्याचा वार्डो सामानासकट जाळण्याची रीत अनेक कुटुंबांत होती, त्यामुळे जुने वार्डो फारसे उरले नाहीत. वाँडरर मात्र ब्रिस्टलच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

डॉक्टर ज्या वर्षांत हिंडत होते, त्याच काळात जॉर्ज स्मिथ नावाचे समाजसुधारक फिरत्या घरांची नोंदणी आणि तपासणी व्हावी म्हणून पार्लमेंटमध्ये विधेयक आणवण्याची खटपट करत होते. मुलांना शाळा मिळावी हा त्यांचा हेतू खरा होता. पण ज्यांच्या घरात सरकारी माणूस कधीही डोकावणार, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. १८८९ साली खेळवाल्यांनी संघटना उभी केली आणि विधेयक हाणून पाडलं. मराठी वाचकाला यात आपल्याकडचं काही ओळखू येईल. याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे आपल्या पारध्यांसारख्या भटक्यांना हजेरीच्या वहीत बांधलं.

डॉक्टरांच्या छंदाची पुढची पिढी भराभर वाढली. १९०७ साली कॅराव्हॅन क्लब निघाला. १९०८च्या ‘द विंड इन द विलोज’ या मुलांच्या कादंबरीत मिस्टर टोडही पिवळीधमक जिप्सी गाडी घेऊन निघतो. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन बांधायला घेतल्या. १९५०च्या दशकात फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्ड व्हॅनमध्ये पलंग आणि चूल बसवून ‘डॉर्मोबिल’ आणली. मुक्कामी पोचल्यावर तिचं छप्पर एका बाजूने उचलायचं, मग पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाखाली माणसाला ताठ उभं राहता येई. ओढणारं आणि राहायचं एकाच सांगाड्यात आलं.

गाडी झाली, पण थांबायचं कुठे? डॉक्टर खानावळीच्या आवारात किंवा शेतकऱ्याला विचारून त्याच्या कुरणात थांबत. आजची छोटी कॅम्पसाइट हे त्याच विनंतीचं कायदेशीर रूप आहे. १९६० च्या कायद्याने कॅराव्हॅन उभ्या करायच्या जागेसाठी परवाना सक्तीचा केला, मात्र मान्यताप्राप्त क्लबांना सवलत ठेवली. क्लबने दाखला दिला की शेतकरी परवान्याशिवाय एका वेळी पाच गाड्या ठेवून घेऊ शकतो. अशा ठिकाणी अनेकदा एक नळ, रासायनिक संडासाची टाकी रिकामी करायची जागा आणि कचऱ्याचा डबा, एवढंच असतं. बाकी गवत आणि मेंढ्या. इंग्लंडचा ग्रामीण भाग जवळून बघायचा तर मोठ्या, गजबजलेल्या साइटपेक्षा ही पाच गाड्यांची जागा कधीही सरस, असं माझं ठाम मत आहे.

त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने ग्रामीण परिषदांना गावाच्या सामायिक माळरानावर कॅराव्हॅनबंदी करायचा अधिकार दिला. जिप्सी ज्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या उतरत, ते एकामागून एक बंद झाले. हौशी माणसाला कुरण मिळालं आणि जिप्सीचा माळ गेला. १९६८च्या कायद्याने जिप्सींसाठी जागा पुरवणं हे स्थानिक परिषदांचं कर्तव्य ठरवलं. १९९४ साली ते काढून टाकलं. २०२२च्या कायद्यानुसार, परवानगीशिवाय गाडीसह कुणाच्या जमिनीवर वस्ती करणाऱ्याने मोठा उपद्रव केला किंवा तो होण्याचा संभव असला आणि सांगूनही तो हलला नाही, तर तो गुन्हा ठरतो. पोलिसांना गाडी जप्त करता येते, म्हणजे त्या कुटुंबाचं घरच. याच कायद्याने पोलिसांनी एकदा हलवलेल्यांना त्या जागी परतायची बंदी तीन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेली होती. एका जिप्सी स्त्रीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि मे २०२४मध्ये उच्च न्यायालयाने ही वाढ मानवी हक्कांशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. उतरायला कायदेशीर जागाच पुरेशा नाहीत, हे न्यायालयाने त्यात लक्षात घेतलं.