खणात पडलेले स्फटिक

शोधांचा इतिहास वाचताना माझे लक्ष जयजयकारापेक्षा नकारांकडेच अधिक जाते. 1962 साली अमेरिकेत गॅलियम आर्सेनाइडच्या कणातून पहिला अर्धवाहक लेसर चमकला खरा. पण द्रव नायट्रोजनच्या थंडीत, आणि तोही क्षणाक्षणापुरता. 1963 मध्ये हर्बर्ट क्रोमर यांनी उपाय सुचविला : प्रकाश देणारा थर दुसऱ्या द्रव्याच्या दोन थरांमध्ये कोंडावा, म्हणजे विद्युत्कण आणि प्रकाश दोघेही तिथेच अडतील. व्यवहारात याचा उपयोग काय, म्हणून वरिष्ठांनी त्यांना ते काम करू दिले नाही. लेनिनग्राडच्या योफे संस्थेत झोरेस अल्फेरोव्ह यांनाही त्याच वर्षी हेच सुचले होते.

घोडे अडले ते द्रव्यापाशी. स्फटिकावर स्फटिक चढवायचा तर दोघांच्या अणूंची वीण जुळली पाहिजे. नाही तर दोष शिरतात आणि प्रकाश विझतो. ॲल्युमिनियम आर्सेनाइडची वीण जुळते, पण दमट हवेत ते नासते. मग कळले, की गॅलियम मिसळलेले त्याचे स्फटिक कुणा सहकाऱ्याच्या टेबलाच्या खणात दोन वर्षे पडून आहेत, आणि त्यांना काही म्हणजे काही झालेले नाही!

पुढे वितळलेल्या गॅलियममध्ये ही द्रव्ये विरघळवून, तो द्रव हळूहळू निववीत, थरावर थर चढविले गेले. 1970 साली अल्फेरोव्हांचा चमू, आणि पाठोपाठ बेल प्रयोगशाळेत हायाशी व पॅनिश यांनी, खोलीच्या साध्या उष्णतेत अखंड तेवणारा लेसर करून दाखविला. क्रोमर आणि अल्फेरोव्ह यांना नोबेल मिळाले 2000 साली. त्या खणाची हकीकत अल्फेरोव्हांनी आपल्या नोबेल व्याख्यानात आवर्जून सांगितली आहे.