वृद्धांची दृष्टी : एका शोधाची हकीकत

सोलापुरातला सात रस्ता चौक आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. नावाप्रमाणेच तेथे चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात आणि रिक्षा, बसगाड्या, सायकली यांची सारखी ये-जा चालू असते. या चौकाच्या कडेला सत्तरीचे एक गृहस्थ उभे आहेत, अशी कल्पना करा. त्यांना बाजूची दुकाने दिसतात, डावीउजवीकडून येणारी वाहने दिसतात; पण ज्या गाडीकडे ते टक लावून पाहतात, तिच्या पाटीवरची अक्षरे मात्र दिसत नाहीत. समोरून कोणी "रामराम गुरुजी" म्हणाले, तर आवाजावरून माणूस ओळखावा लागतो. चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग! कडेचे दिसते, मधले दिसत नाही.

घरी सून म्हणते, "मामंजी, मोतीबिंदू असेल. पिकू द्या, दिवाळीनंतर काढून घेऊ." या 'पिकू द्या' शब्दांविषयीच आज बोलावयाचे आहे.

हे शब्द काही उगाच रुळलेले नाहीत. म्हातारपणी दृष्टी जाण्याचे सर्वांत मोठे कारण आपल्याकडे मोतीबिंदू हेच राहिले आहे. सुश्रुतसंहितेत सुद्धा त्यावरील शस्त्रकर्माचे वर्णन आहे. विसाव्या शतकात नेत्रशिबिरे भरू लागली. कर्नाटकातले डॉ. एम. सी. मोदी यांनी गावोगाव फिरून लाखो डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने जी मोतीबिंदू योजना राबविली गेली, तीत महाराष्ट्रही होता. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत भिंग चांगले पिकलेले असले म्हणजे ते काढणे सोपे जाई. म्हणून डॉक्टरच थांबावयास सांगत. आज मोतीबिंदूसाठीही तसे थांबण्याचे कारण उरलेले नाही. पद्धत बदलली, पण शब्द मात्र घराघरांत राहिला. आणि आपल्या गुरुजींना जो रोग झाला आहे, त्यात याच शब्दाने डोळा जातो.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूस एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्याच्या मध्यभागी एक पिवळसर जागा आहे, तिचे नाव पीतबिंदू. ही जागा जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी! पण अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, नातवाचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे तिच्याकडे. पन्नाशी-साठीनंतर काहींचा हा पीतबिंदू झिजू लागतो. पुढचे भिंग स्वच्छ असले तरी माणसाला समोरचे दिसत नाही.

हा रोग डॉक्टरांना तरी कधी दिसला? जिवंत माणसाच्या डोळ्यात आतवर पाहण्याचे साधनच पूर्वी नव्हते. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आरशाच्या युक्तीने डोळ्यात उजेड टाकून दृष्टिपटल पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले. त्यानंतर १८७४ मध्ये लंडनच्या हचिन्सन आणि टे या डॉक्टरांनी वृद्धांच्या पीतबिंदूवरील बदलांचे वर्णन केले आणि १८८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑटो हाब यांनी या रोगाला वार्धक्याचे नाव जोडले. रोगाला नाव मिळाले, पण उपाय काही मिळाला नाही.

पुढे एवढे कळले की या रोगाचे दोन प्रकार आहेत. एक कोरडा. त्यात पडद्याखाली पिवळसर ठिपके साचतात आणि वर्षानुवर्षे हळूहळू झीज होते. दुसरा ओला. त्यात पडद्याखालून नको त्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात, पडदा फुगतो, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मधली नजर जाऊ शकते. कोरड्या प्रकाराचे कित्येकदा ओल्यात रूपांतर होते, म्हणून नजर ठेवावी लागते.

ही नजर ठेवण्याचे काम रोग्याच्याच हाती देणारा माणूस म्हणजे स्वित्झर्लंडचे मार्क आम्सलर. त्यांनी १९४० नंतरच्या दशकात एक साधा तक्ता प्रचारात आणला : दहा सेंटिमीटरचा चौरस, त्यात उभ्या-आडव्या रेघांची वीस गुणिले वीस घरे, आणि मध्ये एक ठिपका. ज्या गावात उभ्या-आडव्या धाग्यांवर संसार चालले, त्या सोलापूरला ही युक्ती वेगळी समजावून सांगावयास नको. चादरीच्या चौकड्यात एक धागा वाकडा गेला, तर विणकराच्या ते ताबडतोब ध्यानात येते. येथे फरक इतकाच की तक्ता सरळच असतो. रेघ वाकडी दिसली, तर दोष डोळ्याच्या पडद्यात आहे, असे समजावयाचे.

उपायांची वाट मात्र लांबली. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे पाहून डोळे भाजून घेतलेले रोगी जर्मनीत आले. त्यावरून मायर-श्विकेराथ या डॉक्टरांना वाटले, जो प्रकाश पडदा जाळतो, तोच मोजून वापरला तर औषध का होऊ नये? त्यातून प्रकाशाने पडद्याला डाग देण्याची पद्धत निघाली. पुढे लेसर आला. १९६१ साली अमेरिकेत नोव्होट्नी आणि अल्व्हिस या दोन विद्यार्थ्यांनी रंगद्रव्य शिरेतून टोचून दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेतली. पहिली सुई त्यांनी अल्व्हिस यांनाच टोचली! रक्तवाहिनी कोठे पाझरते ते आता दिसू लागले. १९८२ मध्ये लेसरचा उपयोग चाचणीने सिद्ध झाला. पण लेसर जेथे पडे, तेथे कायमचा डाग राही. पीतबिंदूच्या ऐन मध्यावर तो मारणे म्हणजे घर वाचविण्यासाठी देवघर पाडणेच! २००० साली रंगद्रव्य आणि सौम्य लेसर यांची जोड निघाली. तिने नुकसान मंदावले, पण गेलेली नजर फारशी परत आली नाही.

खरा पालट झाला तो कर्करोगाच्या संशोधनातून. १९७१ मध्ये ज्यूडा फोकमन यांनी विचार मांडला की, गाठ वाढते ती नव्या रक्तवाहिन्यांच्या जोरावर; त्याच रोखल्या तर? १९८९ मध्ये फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्या वाढविणारे प्रथिन शुद्ध रूपात वेगळे केले. त्याला रोखणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झाले. २००५ मध्ये मायामीचे डॉ. रोझेनफेल्ड यांनी त्याचा अगदी थोडा अंश डोळ्यात टोचून पाहिला आणि सूज उतरली. २००६ मध्ये खास डोळ्यासाठी बनविलेले रॅनिबिझुमॅब आले. त्याच्या चाचणीत वर्षाअखेर सुमारे एक-तृतीयांश रोग्यांना तक्त्यावरच्या तीन ओळी अधिक वाचता आल्या. ओल्या प्रकारात एवढे यश पूर्वीच्या कोणत्याही उपायाने दिले नव्हते.

पैशाचा प्रश्न आलाच. अमेरिकेत त्या वेळी एका औषधाची मात्रा सुमारे २००० डॉलरची होती, तर दुसऱ्याची सुमारे ५० डॉलरची. २०११ मध्ये सरकारी खर्चाने दोहोंची तुलना झाली, तेव्हा नजरेच्या बाबतीत दोन्ही सारखीच ठरली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वस्त औषध डोळ्यासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घातले. मात्र मोठ्या कुपीतून छोट्या मात्रा काढताना निर्जंतुकपणा काटेकोर पाळावा लागतो. २०१५ मध्ये महाग औषधाचे देशी समरूपही भारतात निघाले.

सुईचे नाव काढताच आपली माणसे घाबरतात. डोळा बधिर करून ती टोचतात आणि काम काही मिनिटांचे असते. पण ती एकदा टोचून भागत नाही. बहुधा पहिले तीन महिने दरमहा, आणि नंतर पडद्याच्या तपासणीवरून अंतर ठरवितात. ही तपासणी प्रकाशकिरणांनी होते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत पडद्याचे थर कापल्याशिवाय दिसतात. थोडे बरे वाटले की ऊसतोडीचा हंगाम येतो, मजुरी बुडते, गाडीभाड्याला पैसे नसतात, आणि फेरी चुकते. पाझर पुन्हा सुरू होतो. म्हणून म्हाताऱ्याला शहरात नेऊन आणण्याची जबाबदारी घरातल्या एकाने आधीच अंगावर घ्यावी.

कोरड्या प्रकाराला पूर्ण बरे करणारे औषध आजही नाही. २००१ च्या अमेरिकन पाहणीत ठराविक जीवनसत्त्वे व जस्त यांच्या गोळ्यांनी मधल्या अवस्थेतील रोग्यांचा धोका पाच वर्षांत सुमारे चतुर्थांशाने घटला. त्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली दोन नवी औषधे झीज मंदावतात, पण गेलेली नजर परत आणीत नाहीत. आणि बिड्या वळणाऱ्या हातांच्या या गावात हेही सांगितले पाहिजे की, धूम्रपान हे या रोगाचे मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचे एक पान घ्या. मध्ये ठळक ठिपका काढा. मुलांना सांगा, आजी-आजोबांना जवळचा चष्मा लावून, हातभर अलीकडे पान धरून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहावयास लावा. मग दुसरा डोळा झाका. दोन्ही डोळे उघडे असले म्हणजे चांगला डोळा वाईट डोळ्याचे दुखणे झाकतो, म्हणून एकेक डोळा तपासावयाचा. ज्यांना पान नको, त्यांनी शहाबादी फरशीच्या सांध्यांकडे किंवा खिडकीच्या गजांकडे तसेच पाहावे. रेघ वाकली, तुटली, मध्ये डाग दिसला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि पडदा तपासून मागावा. रेघा सरळ दिसल्या म्हणून सारे ठीक आहे असे मात्र मानू नये. पन्नाशीनंतर तपासणी करीत राहावी.

दीडशे वर्षांच्या खटपटीने डॉक्टरांच्या हाती उपाय आला आहे. तो वेळेवर लागू पडावा, म्हणून आपण घरच्यांनी एवढेच करावयाचे : म्हाताऱ्या माणसाने "मधले दिसत नाही रे" म्हटले, की "पिकू द्या" असे म्हणावयाचे नाही.